वजनात कमी भरलेला मदरबोर्ड

मित्रांनो, मी एक मदरबोर्ड आहे. वय विचाराल तर अवघं तीन वर्षं. पण आमच्यात तीन वर्षांत केस पिकतात, म्हणून मला खुशाल जुना म्हणा. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, लोखंडी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात मी पडून असतो. अंगाभोवती जुना टॉवेल आहे. शेजारी लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे आणि एक बंद पडलेली बॅटरी आहे. ती बॅटरी सुखी. बंद पडली आणि सुटली. मी बंद पडलेलो नाही. आजही वीज दिलीत तर माझे सातही रंगांचे दिवे लागतील. दिवे लावणं मला फार छान जमतं. माझी निम्मी गोष्ट एवढ्यातच सांगून झाली, पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर पहिल्यापासून सांगतो.

तुम्ही कॉम्प्युटर पाहता तो बाहेरून. पडदा पाहता, कळफलक पाहता. आत, पेटीच्या पोटात, मी असतो, काळ्या पाटीसारखा. माझ्या मधोमध प्रोसेसर बसतो, तो विचार करणारा. त्याच्या बाजूला मेमरी बसते, खाली चित्रं उमटवणारं जाडजूड कार्ड बसतं. सगळे माझ्या पाठीवर बसून काम करतात, आणि नाव मात्र त्यांचं होतं. माझी तक्रार नाही. पाठीचं कामच ते.

पण पाठ मजबूत लागते. बाहेरून येणारी वीज तापट असते. ती थेट प्रोसेसरला दिली तर तो जळून जाईल. म्हणून माझ्या एका कोपऱ्यात बारीक बारीक तुकडे ओळीने बसवलेले असतात. ते त्या विजेला शांत करतात आणि प्रोसेसरला घोट घोट पाजतात. हे करताना ते स्वतः तापतात, भाकरीच्या तव्यासारखे. त्यांच्या डोक्यावर धातूचा जाड ठोकळा ठेवला तर तो त्यांचा ताप पिऊन घेतो. ठोकळा जितका जड, तितकी पाठ जास्त वेळ टिकते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आम्हा लहान मदरबोर्डांचं माप ठरलेलं असतं: इकडून वीतभर, तिकडून वीतभर. ज्याला छोट्या पेटीत मोठ्या ताकदीचा कॉम्प्युटर हवा असतो, तो आम्हाला शोधत येतो. मला बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. जिथे डोळा जातो तिथे त्यांनी हात सैल सोडला आणि जिथे डोळा जात नाही तिथे आखडला. कडेने रंगीत दिवे दिले, डोक्यावर चंदेरी तुरा दिला. आणि त्या तापणाऱ्या तुकड्यांवर ठोकळ्याऐवजी धातूची एक पातळ पट्टी चिकटवली. वर प्लास्टिकचं झाकण बसवलं आणि त्याला असा रंग दिला की पाहणाऱ्याला वाटावं, अख्खं लोखंड आहे.

मला माझी लाज तेव्हा वाटली नाही. आरशासारखी चमक असली की लाज कशाला वाटेल?

असा मी नेरूळच्या स्टेशनजवळ एका दुकानात आलो. दुकान श्यामसुंदर नावाच्या माणसाचं. माझ्याच मांडणीवर, माझ्याच मापाचा, दुसऱ्या घराण्यातला एक मदरबोर्ड होता. काळा, ठेंगणा, म्हशीच्या पाठीसारखा मंद. त्याला दिवे नव्हते. त्याच्या ठोकळ्यांनी मात्र निम्मं अंग व्यापलेलं. मी मनात म्हणायचो, याला कोण विचारणार?

मार्चमधल्या एका दुपारी तिघे जण दुकानात आले. पुढे रणजीत. त्याने नुकताच डिप्लोमा केला होता आणि चालण्यात तो दिसत होता. त्याच्यामागे त्याची मामेबहीण राजनंदिनी, वीस वर्षांची, हातात चार घड्या घातलेली यादी. आणि सगळ्यांत मागे तिचे वडील बाबासो. ते पायातल्या चपला दुकानाबाहेर काढून आत आले.

"आप्पा, चपला घाला. देऊळ नाहीये ते," राजनंदिनी हळूच म्हणाली.

"असू दे गं. फरशी बघ कशी हाय," ते म्हणाले.

बाबासो मूळचे साताऱ्याकडचे. सत्तावीस वर्षं ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहतात. राजनंदिनी कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला शिकत होती. बेलापूरच्या एका स्टुडिओत चार जागा निघाल्या होत्या. मे महिन्यात एक मिनिटाची फिल्म स्वतः करून पाठवायची आणि त्यावरून निवड व्हायची. त्यासाठी ताकदवान कॉम्प्युटर हवा होता, आणि घरात त्याला जागा होती फक्त देव्हारा आणि भांड्यांची मांडणी यांच्यामधल्या फळीवर. म्हणून पेटी लहान. म्हणून आम्ही वीतभरवाले.

"बोला, काय पाहिजे?" श्यामसुंदरने विचारलं.

"कॅबिनेट चपलांच्या खोक्याएवढं," रणजीत म्हणाला, "पण आत राक्षस बसला पाहिजे."

"मग बोर्ड छोटावालाच लागणार. दोन पीस आहेत. दोघांवर हा प्रोसेसर बसतो. किमतीतपण उन्नीस-बीस."

आम्हा दोघांना काउंटरवर ठेवलं. मी चमकत होतो. रणजीतचा हात सरळ माझ्याकडे आला. "हाच. लूक बघ ना, नंदे! काच लावली की आतून कसला दिसेल!"

राजनंदिनीलाही मी आवडलो. तिने यादी उघडली, दोन्ही खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचली. दोन्हींवर जवळजवळ तेच लिहिलेलं होतं. लिहिणारे असं लिहिण्यात पटाईत असतात.

तेव्हा बाबासो पुढे आले. "हातात घिऊ का?"

"घ्या ना काका, पिशवीसकट घ्या."

त्यांनी एका तळव्यावर मला घेतलं, दुसऱ्यावर त्या काळ्याला. डोळे मिटले. मित्रांनो, माझ्या अंगावर तोवर कितीतरी हात फिरले होते, यंत्रांचे आणि माणसांचे. पण या तळव्याने मला असं वाचलं की मी आतून थिजलो. त्या तळव्याच्या घट्ट्यांवर सत्तावीस वर्षांचा कांदा वाळलेला होता. बाबासो हात जरासे खालीवर करत होते, तान्हं बाळ हलवावं तसे.

"ह्यो हलका हाय," ते म्हणाले. म्हणजे मी.

"काका, तो लेटेस्ट आहे," श्यामसुंदर हसला. "लेटेस्ट माल हलकाच येतो. मोबाईल नाही का हलके झाले?"

"झालं असतील. पर दोन्ही एका मापाचं. काम बी एकच म्हनताय. मग ह्यातलं काय काढून घेतलंय?"

 त्या प्रश्नाचं उत्तर तिथे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. तोंड असतं तरी बोललो असतो का? सांगता येत नाही.

मग रणजीत म्हणाला, "मामा, हे कांद्याचं पोतं नाही हो! हलका कांदा पोकळ निघतो, तसं ह्यात नसतंय. ह्यात चिपा असतात, चिपा."

काउंटरपाशी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली. श्यामसुंदर हसला. आणि राजनंदिनीही हसली. तोंडावर हात धरून, प्रेमानेच, पण हसली. "आप्पा, तुम्ही बाहेर उसाचा रस घ्या ना. आम्ही आलोच पाच मिनिटांत."

बाबासोंनी डोळे उघडले. त्या काळ्याला आधी खाली ठेवलं. मग मला. दोन्ही हातांनी, आवाज न होऊ देता. बाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या. रस त्यांनी घेतला नाही. काचेतून मला दिसत होतं, ते गाड्याशेजारी नुसते उभे होते, तळवे एकमेकांवर घासत.

असा मी निवडला गेलो. निवडून आल्याचा मला केवढा गर्व झाला होता!

त्या घरातले सुरुवातीचे दिवस सोन्याचे होते. रणजीतने पेटी जोडली. माझ्या पाठीवर प्रोसेसर बसला, मेमरी बसली, कार्ड बसलं. कळ दाबली आणि देव्हाऱ्याशेजारी सात रंग पसरले. राजनंदिनीची आई गोजरा पोळ्या लाटता लाटता उठून आली. पिठाचे हात पदराला पुसत तिने मला पाहिलं आणि पुन्हा पोळपाटाशी बसून लाटण्याच्या तालावर गुणगुणू लागली:

"लेकीच्या गं पेटीमंदी, दिवं लागलं सात रंगी,
बाप उभा उंबऱ्याला, सुख मावंना त्याच्या अंगी."

"आई, माझ्यावर ओव्या काय रचतेस!" राजनंदिनी लाजली.

"तुझ्यावर न्हाई, पेटीवर रचली. तू गप काम कर."

गोजराने माझ्या पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला. महागाची वस्तू उघडी ठेवायची नसते, असं तिचं म्हणणं. राजनंदिनीने तो काढला. "आई, तिला श्वास घेऊ दे." संध्याकाळी रुमाल पुन्हा पेटीवर. असा त्यांचा खेळ आठवडाभर चालला आणि शेवटी रुमाल हरला.

राजनंदिनीने फिल्म रचायला घेतली. एक माथाडी गोणी पाठीवर घेऊन चालतो आहे. तो पाऊल टाकतो आणि गोणीतल्या एका कांद्याला कोंब फुटतो. आणखी एक पाऊल, आणखी एक कोंब. गोणीच्या विणीतून हिरवी पात बाहेर येते, वाढते, खांद्यावर झुकते, आणि शेवटी त्या वाकलेल्या माणसाच्या पाठीवर अख्खं शेत डोलू लागतं. तेव्हा तो पहिल्यांदा सरळ उभा राहतो. बस, एवढंच. पण त्या माणसाची चाल तिने आपल्या वडिलांवरून घेतली होती. बाबासो दारातून आत येताना ती त्यांच्या पायांकडे बघत बसायची.

"काय गं, चप्पल तुटली का माझी?"

"नाही आप्पा. परत एकदा जाऊन या ना."

"कुटं?"

"दारापर्यंत."

आणि तो दमलेला माणूस दारापर्यंत जाऊन परत यायचा. मुलीने कशासाठी सांगितलं, हे त्याने कधी विचारलं नाही.

आता मला बाबासोंच्या टोळीची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण माझ्या गोष्टीची गाठ तिथे आहे. मार्केटात गोण्यांची थप्पी असते, तिच्यावरून गोणी पाठीवर घेतात. गोणी फाटकी आहे, ओली आहे, जास्त भरली आहे, काय ते पाठीवर यायच्या आधी बोलायचं. एकदा ती पाठीवर आली की तोंड बंद. ओझ्याखाली जो बोलतो त्याचा पाय चुकतो, आणि ट्रकला लावलेल्या फळीवर त्याच्यामागे येणाऱ्याचाही चुकतो. बाबासोंनी ही रीत सत्तावीस वर्षं पाळली, आणि मार्केटातून घरी आणली. ते एकदा बोलत. आधी बोलत. नंतर कधीच नाही.

दुकानदाराने सांगितलं होतं, सात दिवसांत माल बदलून मिळेल. सहाव्या दिवशी राजनंदिनीने मला पहिल्यांदा तासभर राबवलं, नमुन्याची दहा-बारा चित्रं काढायला. मग ती वसाहतीतल्या मैत्रिणीकडे गेली. बाबासो मार्केटातून आले, हातपाय धुतले, फळीपाशी येऊन उभे राहिले आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्यावर, बरोबर माझ्या त्या खोट्या ठोकळ्याच्या वर, त्यांनी तळवा ठेवला. आणि चटकन मागे घेतला.

"काय झालं?" गोजराने विचारलं.

"काय न्हाई."

"तापलंय व्हय?"

"तापलंय."

"मग पोरीला सांगा की."

ते तळव्याकडे बघत राहिले. "तवा सांगितलं हुतं. आता उचललंय तिनं."

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला मन धजत नाही. मला बरं वाटलं. ते बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मी नेरूळला परत गेलो असतो आणि तो काळा ठेंगणा या फळीवर आला असता. दिवे नसते लागले, पण मुलीचं काम झालं असतं. हे मला कळत होतं. तरी मी मनात म्हणालो, बरं झालं हा माणूस गप्प राहिला. दोघे गप्प राहिलो. तो रीत म्हणून, मी स्वार्थ म्हणून. आठवा दिवस उजाडला आणि मी कायमचा त्या घरचा झालो.

एप्रिल गेला. पाच-दहा मिनिटांच्या कामात मी कधी उघडा पडलो नाही. मे महिन्यात फिल्मची सगळी मांडणी तयार झाली. आता उरलं होतं शेवटचं, सगळ्यांत जड काम. एका मिनिटाच्या फिल्ममध्ये चौदाशे चाळीस चित्रं असतात. प्रत्येक चित्रातली ऊन-सावली कॉम्प्युटरने हिशोब करून उमटवायची. त्याला रेंडर म्हणतात. राजनंदिनीने अंदाज केला होता, एका चित्राला एक मिनिट. म्हणजे एक दिवस, एक रात्र. तिने दोन दिवस हाताशी ठेवले. गुरुवारी दुपारी बारा वाजता तिने देवाला नमस्कार केला आणि कळ दाबली. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत फिल्म पाठवायची होती.

पहिली चाळीस चित्रं मी मिनिटा-मिनिटाला काढली. मग माझा कोपरा तापू लागला. ती पातळ पट्टी घोटभर ताप प्यायली आणि तिचं पोट भरलं. खाडीवरून येणारी हवा चिकट, जड; खोलीत तीन माणसांचा वावर, शेगडी, देवापुढचा दिवा. मी जळू नये म्हणून मला एकच गोष्ट करता येते: प्रोसेसरला वीज कमी पाजायची. त्याला सांगायचं, हळू. मी सांगितलं. एका चित्राला दोन मिनिटं लागली. मग तीन. मग चार. संध्याकाळी मी पहिल्यांदा सपशेल कोसळलो. पडदा काळा झाला.

"आई गं!" एवढंच ती म्हणाली.

तिने पेटीची बाजू उघडली. घरातला एकुलता एक टेबल-फॅन माझ्यासमोर आणला. मी उठलो, चाललो, पुन्हा हळू झालो. कॉलेजची लॅब सुट्टीमुळे बंद होती. रणजीतला फोन लागत होता, पण तो करंजाडेला मित्राकडे गेलेला, म्हणाला, "रिस्टार्ट मार, होईल." शुक्रवारी मी तीनदा कोसळलो. दर वेळी ती मला उठवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची.

शनिवारी बाबासो मार्केटातून अकरालाच आले. त्यांनी काही विचारलं नाही. रिकाम्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, मोरीत तोंड धुतलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. फॅन एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. पुठ्ठ्याने मला वारा घालू लागले. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. गोजराने ताट वाढलं. ते डाव्या हाताने वारा घालत जेवले. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते. तिथे एकेक चित्र उमटत होतं: त्यांचीच चाल, त्यांचीच पाठ, गोणीतून निघालेले इवलेसे कोंब. आपल्यावर काढलेलं आहे, हे त्यांना कळलं असेल का? त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि वारा मला घालत होते. मी आयुष्यात एवढा कधी तापलो नाही, आणि त्याला वीज एकटी कारण नव्हती.

पाच वाजले तेव्हा नऊशे सहा चित्रं झाली होती. कोंब फुटले होते, पात खांद्यापर्यंत आली होती. शेत आलं नव्हतं. माणूस अजून वाकलेलाच होता आणि त्याचा एक पाय हवेत होता. राजनंदिनीने तेवढंच पाठवलं. सोमवारी दोन ओळींचं उत्तर आलं. अपुरं काम विचारात घेतलं जात नाही.

त्या संध्याकाळी रणजीत आला. त्याने मला पेटीतून बाहेर काढलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्या चंदेरी झाकणावर नख वाजवलं. टक्. कोरडा, पोकळ आवाज. त्याने पुन्हा वाजवलं. मग पेचकसाने झाकण उचकटलं, आणि खालची ती बोटभर पट्टी सगळ्यांनी पाहिली.

"प्लास्टिक आहे," रणजीत म्हणाला. त्याच्या आवाजातला डिप्लोमा कुठेतरी गळून पडला होता. "मामा... तुम्हाला कसं कळलं होतं?"

"मला कुटं काय कळतंय," बाबासो म्हणाले. "हाताला लागलं."

राजनंदिनीने मान वर केली. तिचे डोळे सुजले होते. "आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"बोललो हुतो की. दुकानात."

"मग नंतर? नंतर का नाही बोललात? सात दिवस होते आप्पा! सात दिवस!"

"उचलल्यावर बोलत न्हाईत, बाळ."

ती काहीतरी ताडकन बोलणार होती.   पण तिने आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर वडिलांच्या हातांकडे. "मी हसले म्हणून?" तिने विचारलं.

बाबासो उठले. पुठ्ठ्याची घडी घातली आणि खाटेखाली सरकवली.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या कौतुकाची आहेत, हे सांगितलं तर हसाल. पण खरं आहे. राजनंदिनी तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत पावत्या भरायच्या नोकरीला लागली. माझ्यावर हलकी कामं आली: वसाहतीतल्या पोरांचे प्रवेशअर्ज, कुणाच्या लग्नाचा बायोडाटा, मंडळाच्या गणपतीची गाणी. ती मी झटक्यात केली. "काय कॉम्प्युटर आहे! कसला चमकतो!" शेजारपाजारचे म्हणत. राजनंदिनी ऐकून घ्यायची. एके दिवशी तिने माझे दिवे बंद करून टाकले. ती कळ कुठे आहे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी दुर्लक्षित झालो, त्याचं मला वाईट नाही. माझ्यासमोर त्या घरात दुसरंच काही दुर्लक्षित झालं, आणि ते मी नुसतं बघत राहिलो.

पूर्वी वसाहतीच्या दारात कलिंगडवाला आला की गोजरा हाक मारायची, "अवो, हात लावा जरा!" बाबासो दोन कलिंगडं तळव्यांवर घेऊन हलवायचे, एक बाजूला काढायचे. ते कधी पांढरं निघालं नाही. आता ती हाक मारते, ते दारापर्यंत येतात आणि म्हणतात, "घे कुठलं बी." रणजीतने सेकंडहँड गाडी घ्यायची ठरवली. "मामा, एकदा बघून सांगा ना." ते म्हणाले, "तुमच्या पसंतीला आली ना? मग झालं." मार्केटात आजही मुकादम नव्या गोण्या आल्या की आधी त्यांना हात लावायला सांगतो, हे ते जेवताना गोजराला सांगतात. तिथे ते बोलतात. घराचा उंबरा ओलांडला की त्यांचे तळवे मिटतात.

यंदा राजनंदिनीच्या उमेदीने पुन्हा उचल खाल्ली. त्याच स्टुडिओत पुन्हा जागा निघाल्या. तिने मला पेटीतून काढलं, टॉवेलवर ठेवलं. पाठीवरची मंडळी उतरली. मी मोकळा झालो आणि थंड. रविवारची सकाळ होती.

"आप्पा, चला नेरूळला," ती म्हणाली. "या वेळी बोर्ड तुम्हीच निवडायचा."

"मला काय कळतंय त्यातलं. रणजीतला घिऊन जा."

"रणजीत नको. तुमचा हात पाहिजे."

बाबासो खाटेवर बसले होते. त्यांनी तळवे मांडीवर उलटे टाकले होते. "हात आता बधिर झाल्यात, बाळ."

"मुकादमाला नाही सांगत तुम्ही, बधिर झालेत म्हणून."

त्यांनी तळवे मिटून घेतले.

"आप्पा, मी चुकले. सांगितलं ना मी. किती वेळा सांगू?"

"तू कशाला चुकतीस? शिकलेली हायेस. तुझं तू बघ."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती एक चप्पल घालून, दुसरी हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. गोजराने पोळपाटावरून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. मग दुसरी चप्पल घालून राजनंदिनी एकटी गेली.

दुपारी तिने नवा मदरबोर्ड आणला. इंटरनेटवर पंधरा दिवस वाचून, शंभर जणांची मतं बघून निवडलेला. चांगला आहे तो. कपाटातून मला त्याच्या पंख्याचा एकसारखा आवाज येतो, कधी अडखळत नाही. फिल्म पुरी झाली, चौदाशे चाळीसच्या चौदाशे चाळीस चित्रांची. तिने पहिल्यांदा वडिलांना दाखवली. मिनिटभराची फिल्म संपली. मग तिने विचारलं, "कसं झालंय आप्पा? कुठे काही कमी वाटतं का? खरं सांगा."

आणि ते म्हणाले, "तुमाला बरं वाटतंय ना? मग बरंच हाय."

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की आमच्यावरची धूळ पुसा, पाणी सांडू नका, पेटीला हवा लागू द्या. ते तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरंच मागतो. उद्या तुम्ही अशीच एखादी चमकती वस्तू निवडाल. सोबत तुमच्या घरचं एखादं माणूस असेल. त्याला त्यातलं नाव वाचता येणार नाही, आणि ते काहीतरी भलतंच विचारील. तेव्हा हसू नका. त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका. आणि तुम्हीच ते माणूस असाल, तर एकदा बोलून थांबू नका. उचलल्यावरही बोला, ओझं पाठीवर असलं तरी बोला.

वस्तू चुकली तर सात दिवसांत बदलून मिळते. हसून गप्प केलेलं माणूस पुन्हा बोलतं व्हायला किती दिवस लागतात, ते मला माहीत नाही. तीन वर्षं पुरली नाहीत, एवढं मी या कपाटातून रोज ऐकतो.